काठोकाठ हौद

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादिका मला म्हणाली, "काका, तुमच्या बागांवर लिहा ना. फुलं, झाडं, असं काहीतरी हॅपी." मी तिला म्हटलं, बाई, तुझ्या काकाने आयुष्यात फुलं लावली ती उरल्यासुरल्या वेळात. काकाचा खरा धंदा पाणी हाकलण्याचा.

बाहेरच्यांना हे पटत नाही, म्हणून समजावून सांगतो. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलची जमीन चिकणमातीची. पाऊस झाला किंवा बर्फ वितळलं की पाणी मुरत नाही. ते उभं राहतं, इकडेतिकडे बघतं आणि वाट शोधत लोकांच्या बेसमेंटमध्ये शिरतं. तिथे लोकांनी हौसेने मोठा टीव्ही, गालिचा, सासूबाईंची खोली असं सगळं केलेलं असतं. म्हणून इथला लँडस्केपर गुलाबाचा विचार करण्याआधी उताराचा विचार करतो. घरापासून दहा फुटांत सहा इंच उतार, मग जमिनीखाली भोकं पाडलेले पाइप, मग पंप. माझ्या ट्रकवर गुलाबाचं चित्र होतं, पण आत सगळे पाइप भरलेले असत. परभणीला शेतकी कॉलेजात शिकलो तेव्हा पाणी आणायचं कसं ते शिकवलं होतं. इथे येऊन वीस वर्षं ते घालवायचं कसं, एवढंच केलं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग भेटली. एका बाईंनी तळं करून घेतलं, त्यात रंगीत मासे सोडले. आठवड्याभरात बगळ्याने सगळी पंगत उठवली. बाईंनी मला फोन करून विचारलं की बगळ्यावर काही लीगल ॲक्शन घेता येते का. नागपूरच्या एका गृहस्थांनी अंगणात संत्र्याचं झाड मागितलं. मी म्हटलं, "लावतो की, पण त्याचा स्वेटर तुम्ही विणायचा." ते अजूनही मंडळात माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

पण लिहायचंच तर एका बागेबद्दल लिहीन. त्या बागेत मी एक चूक केली, आणि ती चूक माझ्यासारखा माणूसच करू शकतो.

ही गोष्ट २००५ सालची. शिरीन नावाची इराणी बाई माझ्या दातांची डॉक्टर होती. माझी दाढ तिच्या ताब्यात असताना तिने मला काम सांगितलं.

"माझी आई काशानहून आली आहे," ती म्हणाली. "आता तिने इथेच राहावं असं मला वाटतं. तिच्यासाठी बॅकयार्डमध्ये पर्शियन गार्डन करायची आहे. तुम्हाला जमेल?"

तोंडात कापसाचे बोळे. मी "आं" केलं. तिने तो होकार धरला.

मार्चमध्ये घर बघायला गेलो. अंगणात बर्फाचे ढीग होते. दारातच सवयीने बूट काढून ठेवले आणि आत गेलो. खुर्चीत एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई ताठ बसली होती. तिने आधी माझ्या मोज्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. नंतर शिरीनने सांगितलं की आधीचे दोन लँडस्केपर बूट घालून आत आले होते, आणि तिथेच त्यांचं काम संपलं. सगळे तिला खानूम, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागलो.

तिच्या खुर्चीशेजारी एक मोठी तपकिरी बॅग उभी होती, पट्ट्याने करकचून आवळलेली.

"ती बॅग रिकामी करायला ती तयारच नाही," शिरीन मला बाजूला घेऊन म्हणाली. "रोज सकाळी कपडे बाहेर काढते, संध्याकाळी घडी करून परत आत. म्हणते, पाहुण्याने बॅग बंद ठेवावी. ऑक्टोबरअखेरचं तिकीट आहे. याआधी दोनदा आली आणि दोनदा परत गेली. तिकडे आता एकटी असते. गेल्या वर्षी घरात पडली, तर दोन दिवस कुणाला कळलंसुद्धा नाही."

हे सांगताना तिचा आवाज कापला. माझ्या दाढेत ड्रिल घालताना तिचा हात कधी कापला नव्हता.

मी कागद काढला आणि बाग कशी हवी ते विचारलं. खानूम उठली आणि काठीने जमिनीवरच्या गालिच्यावर टकटक केलं. "नक्शे," ती म्हणाली. त्याला दुभाषा लागला नाही. मी गुडघ्यांवर बसून बघायला लागलो आणि बघतच राहिलो. तो गालिचा म्हणजे वरून पाहिलेली बाग होती. मधोमध हौद, त्यातून चार दिशांना निघालेले निळे पाट, पाटांत विणलेले मासे, आणि पाटांमुळे पडलेल्या चार चौकांत झाडं आणि फुलं. कडेने रुंद किनार, ती म्हणजे भिंत. मी टेप काढून गालिचा मोजला आणि एक इंचाला एक फूट धरला. धंद्यात पहिल्यांदाच कुणीतरी नकाशा पायाखाली घालून दिला होता.

शिरीनने मग सगळं उलगडून सांगितलं. त्यांच्याकडे अशा बागा अडीच हजार वर्षांपासून आहेत. बाहेर रखरखीत वाळवंट. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून मैलोन्‌मैल आणायचं, म्हणजे ते उन्हाने उडून जात नाही. ते भिंतीच्या आत उघड्यावर काढायचं, चार वाटांनी फिरवायचं आणि सावलीत बसून त्याचा आवाज ऐकायचा. हिवाळ्यात बाग झोपली की तीच बाग गालिचा होऊन घरात येते. भिंत मात्र हवीच. भिंत नसेल तर ती बाग नव्हे, नुसतं रान.

हे सगळं ऐकताना मला औरंगाबाद आठवत होतं. मी तिथला. आमच्या गावातही जमिनीखालून नहर येते, आणि पाणचक्कीच्या हौदाचं पाणी काठावरून पडद्यासारखं खाली पडतं. लहानपणी त्या तुषारांत उभं राहून मी शाळा बुडवली आहे. हे तंत्र खानूमच्याच मुलखाकडून आमच्याकडे आलं, हे मात्र मला वयाच्या साठीला, अमेरिकेत, दातांच्या डॉक्टरकडून कळलं. बाग, हौद, जमीन, गुलाब, सरू असे कितीतरी शब्द आम्हा दोघांच्या गाठोड्यांत सारखेच निघाले. क्रियापदं तेवढी शिरीनकडून उसनी घ्यावी लागायची.

उत्साहाच्या भरात मी पहिलं ड्रॉइंग केलं आणि बीबीच्या मकबऱ्याची आठवण ठेवून मधोमध संगमरवरी चौथरा काढला. खानूमने ते डोळ्यांजवळ नेलं आणि हसत सुटली. "कबर!" ती म्हणाली. "आगा, मी अजून मेले नाही." खरंच होतं. मुघलांनी ही बाग आपल्याकडे आणली आणि मधोमध आपल्या माणसांना झोपवलं. तिला मधोमध पाणी हवं होतं, आणि चहाला बसायची जागा एका टोकाला. मी चौथरा खोडला.

खरं भांडण झालं ते भिंतीवरून. इथे प्रत्येक वस्तीची एक असोसिएशन असते. तुमच्या घराला कुठला रंग लावायचा, कचऱ्याचा डबा कधी बाहेर दिसावा, हे ती ठरवते. तिथल्या नियमात कुंपण चार फुटांच्या वर चालत नाही. अध्यक्ष कीथ नावाचे निवृत्त गृहस्थ होते. नियमांची फाइल ते छातीशी धरून बसत.

"सात फुटांची भिंत? नो वे," ते म्हणाले. "इथे सगळ्यांना ओपन फील हवा असतो."

शिरीनने त्यांना सांगितलं की पॅरेडाइज हा शब्दच मुळात भिंतीने वेढलेल्या जागेसाठी होता. कीथ म्हणाले, पॅरेडाइजला परवानगी आहे, पण चार फुटांपर्यंत.

घरी येऊन मी बायकोपुढे कुरकुरत होतो. नलिनी मराठवाड्यातलीच. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, मग वर कशाला जाता? आपल्याकडच्या बारवेला कुठे भिंत असते? खाली उतरलं की आपोआप चारी बाजूंनी भिंत."

मी तसाच ताटावरून उठलो. पुढच्या मीटिंगला मी कीथना एकच प्रश्न विचारला. उंचीबद्दल नियम आहे, खोलीबद्दल काय आहे? त्यांनी फाइल पुढून मागे चाळली, मग मागून पुढे चाळली. खोलीबद्दल काहीच नव्हतं. बाग साडेतीन फूट खाली, वर चार फुटांचं कुंपण. आत बसलेल्या माणसाला साडेसात फुटांची भिंत, आणि बाहेर कीथना त्यांचा ओपन फील. शेवटी तेही हसले, म्हणाले, "वेल, पुढच्या वर्षी हा नियम करावा लागेल."

खानूमला हे सांगितलं तेव्हा तिने दोन्ही हात गालांवर ठेवले. काशानमधल्या तिच्या आजोबांच्या घरात असंच खाली उतरून जायचं अंगण होतं. जमिनीखालचं पाणी जवळ यावं म्हणून तिकडे अंगणच खाली नेतात. "गोदाल बाग्चे," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. माझी बायको कधी काशानला गेली होती का, असंही तिने विचारलं.

मे महिन्यात खोदायला लागलो. माझा फोरमन रमीरो, मेक्सिकोचा, माझ्याकडे बारा वर्षं काम करत होता. दगड बसवण्यात त्याचा हात धरणारा मी पाहिला नाही. चिकणमातीत खड्डा खणणं म्हणजे पावसाला पत्रिका पाठवण्यासारखं, म्हणून तळाशी पाइप आणि पंप घातले. ते माझं रोजचंच काम. झाडांचं जमवून घेतलं. सरू शिकागोच्या थंडीत टिकत नाही, म्हणून उंच सडसडीत जुनिपर लावले. खानूमने त्यांना पास होण्यापुरते मार्क दिले. आंबट चेरी मात्र इथल्या थंडीत मजेत वाढते, आणि तिचं सरबत त्यांचं अगदी लाडकं. डाळिंब कुंडीत लावलं, हिवाळ्यात गराजमध्ये न्यायचं. दुकानातले गुलाब तिने एकेक हुंगून परत केले, "मुके आहेत" म्हणून. शेवटी वासाच्या जुन्या गुलाबाची रोपं पोस्टाने मागवली.

ती रोज सकाळी खुर्ची घेऊन खड्ड्याच्या काठावर बसायची. संध्याकाळी बॅग पुन्हा बंद व्हायची, हे शिरीन मी न विचारताच सांगायची.

आता हौद. हौद फक्त दीड फूट खोल होता, पण आतून गडद निळ्या टाइल लावल्या की तळ दिसत नाही आणि पाणी अथांग वाटतं. ही त्यांची जुनी युक्ती. हौद काठोकाठ भरलेला हवा. पाणी काठाच्या दगडांवरून चारी बाजूंनी पातळ पदरासारखं ओघळायला हवं, तिथून चार पाटांत जायला हवं, आणि शेवटी लपवलेल्या पंपाने परत हौदात. त्यासाठी काठ एका नाण्याच्या जाडीइतकाही वरखाली चालत नाही.

ऑगस्टमध्ये पहिल्यांदा पाणी सोडलं. खानूमने ठेवणीतला रेशमी रुमाल बांधला होता. चहा, पिस्ते, चेरीचं सरबत असा सगळा थाट. पाणी चढत चढत काठाला आलं आणि सगळंच्या सगळं दक्षिणेच्या बाजूने भदाभदा पडायला लागलं. उत्तरेचे दगड कोरडे ठणठणीत. चारांतले तीन पाट कोरडे.

खानूमने थोडा वेळ पाहिलं. "हा हौद नाही," ती म्हणाली, "हा नळ आहे." आणि काठी टेकत आत निघून गेली.

मी रमीरोवर ओरडलो. सगळ्यांसमोर ओरडलो. बारा वर्षांत कधी नव्हे ते. तो ट्रककडे गेला आणि प्लायवूडचा एक तुकडा घेऊन आला. त्यावर त्याच्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं: दक्षिणेकडे पाऊण इंच उतार, बॉसने सांगितलं.

मीच सांगितलं होतं. जूनमधल्या एका दुपारी, फोनवर दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता. काठावर पाणी साचू नये, हिवाळ्यात गोठून दगड फुटू नये, म्हणून थोडा उतार. विचारसुद्धा केला नव्हता, तोंडातून निघून गेलं. आमच्याकडे मोरी असो, गच्ची असो, अंगण असो, फरशी म्हटली की उतार. वर इथे वीस वर्षं तेच केलेलं. पाणी थांबायला हवं, ही गोष्टच माझा हात विसरला होता. पाणचक्कीच्या हौदाखाली भिजलेला मुलगा मी, आणि मला काठ सपाट लागतो हे आठवलं नाही.

संध्याकाळी शिरीनचा फोन आला. "तिने मला तिकीट कन्फर्म करायला सांगितलं," एवढंच ती म्हणाली.

नलिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला ताटात आमटी वाढली तरी तुम्ही उतार शोधता. आता आधी रमीरोची माफी मागा. हौदाचं नंतर बघा."

सकाळी त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोमुलांसमोर माफी मागितली, कारण ओरडलोही लोकांसमोर होतो. त्याने कॉफी दिली आणि म्हणाला, "बॉस, मलाही वाटलं होतं विचारावं. पण तू नेहमी उतार सांगतोस, म्हणून नाही विचारलं." त्या माणसाला ओरडल्याचं मला आजही वाईट वाटतं.

काठाचे अठ्ठावीस दगड उपटले. लेझरचं यंत्र होतं, पण मला त्याच्यावर सोडायचं नव्हतं. हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी आणली. आमचे गवंडी वापरतात तीच रीत. नळीत पाणी भरायचं, एक टोक इकडे, एक टोक तिकडे. दोन्ही टोकांना पाणी जिथे थांबेल ती एक पातळी. पाणी कधी खोटं बोलत नाही. ते नीट दिसावं म्हणून नलिनीच्या डब्यातला जिलबीचा रंग त्यात टाकला.

पहिला दगड धरून उकिडवा बसलो होतो, तेवढ्यात पायऱ्यांवर काठीचा आवाज आला. खानूम खाली आली. नळी पाहून थबकली. तिचे वडील घर बांधत होते तेव्हा गवंड्यांच्या हातात तिने हीच नळी पाहिली होती. ती स्टुलावर बसली आणि माझ्या हातातलं टोक काढून घेतलं.

मग पुढचे तीन दिवस तिकडच्या टोकाला रमीरो आणि इकडे ती. ती म्हणायची "बाला", म्हणजे वर. "पाईन", म्हणजे खाली. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत रमीरो ते शिकला. दुसऱ्या दिवशी तो तिला स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगत होता, ती त्याला फारसीत उत्तर देत होती आणि दोघंही हसत होती. दगड जागेवर बसला की ती म्हणायची "खूब", म्हणजे छान. मला कुणी काही विचारत नव्हतं. मी आपला सिमेंट कालवत होतो, आणि खरं सांगतो, इतक्या आनंदाने मी कधी सिमेंट कालवलं नव्हतं.

सप्टेंबरात पुन्हा पाणी सोडलं. यावेळी चहा नाही, रेशमी रुमाल नाही, कुणाची हिंमतच नव्हती. पाणी काठाला आलं आणि थांबलं. काठाच्या किंचित वर फुगून थरथरत उभं राहिलं. शिरीनने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. आणि मग चारी बाजूंनी, एकदमच, एक पातळ पदर दगडांवरून खाली उतरला. चारी पाटांत पाणी धावलं. आवाज अगदी हलका, जेमतेम ऐकू येईल एवढा.

खानूमने वाकून हात पाण्यात घातला आणि ओंजळभर पाणी रमीरोच्या तोंडावर मारलं. मग माझ्या. मग मुलीच्या. कडेवरून कीथ डोकावत होते, त्यांच्यापर्यंत मात्र ते पोचलं नाही. मला रडू आलं, पण तोंड ओलंच असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

तिकिटाचं कुणीच काही बोललं नाही. मी विचारलं नाही. विचारण्याचा धीर झाला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात थंडी पडण्याआधी हौद रिकामा करायचा होता, पंप काढायचा होता. रमीरो सकाळीच पुढे गेला होता. मी मागून निघालो. त्या गल्लीत कचरा न्यायचा तो दिवस होता. प्रत्येक घरापुढे रस्त्याच्या कडेला डबे मांडलेले. शिरीनच्या घरापुढे डब्याशेजारी ती तपकिरी बॅग उभी होती. पट्टा सोडलेला, झाकण सताड उघडं, आत काही नाही.

मी ट्रक थांबवला आणि तसाच बसून राहिलो. बाग खोल असल्यामुळे रस्त्यावरून काहीच दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं. डाळिंबाची कुंडी गराजमध्ये न्यायची होती, आणि खानूम रमीरोवर ओरडत होती, "बाला! बाला!"

कचऱ्याची गाडी यायच्या आत मी ती बॅग उचलून ट्रकमध्ये टाकली. आज मी धंदा सोडला आहे, ट्रकही विकला आहे, पण बॅग माझ्या गराजमध्ये आहे आणि ती लांब नळी मी तिच्यातच ठेवतो. दर दिवाळीच्या साफसफाईला नलिनी म्हणते, "अहो, ती जुनी बॅग टाकून द्या ना एकदाची."

मी सांगतो, ती एकदा टाकून झालेली आहे. जिने टाकायला हवी होती, तिने टाकली.